‘सिल्व्हरला पाणी लागतच नाही’ म्हणणाऱ्यांनी जुलैत माझी कुंडी बघायला यायला हवं होतं

एकच फॉरवर्ड मला तीनदा आलाय, आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग शाळेच्या, मग आत्तेभावाकडून. जांभळ्या फुलांनी गच्च भरलेल्या रुपेरी झुडपाचा फोटो आणि खाली सात मुद्दे. थोडक्यात असे, की हे वाळवंटातलं झाड आहे, पाणी लागतच नाही, लावा आणि विसरा. समुद्राची हवा मानवते म्हणून मुंबईत कुठेही येतं, अगदी हॉलमध्येसुद्धा. पाऊस यायच्या आधी फुलतं, हवामान खात्याची गरज नाही. पानं हिरवी पडली तर शेणखत घाला. हा सेज आहे, रोज पानांचा चहा प्या. नासाच्या हवा शुद्ध करणाऱ्या झाडांच्या यादीत आहे. आणि शेवटी, पाण्याशिवाय मुंबईत जगणारं हे एकमेव रुपेरी झाड, दहा जणांना पाठवा.

झाड कोणतं तर ल्युकोफायलम. नर्सरीत कुणी सिल्व्हर सेज म्हणतं, कुणी टेक्सास सेज, बरेचसे नुसतंच ‘सिल्व्हर’. मी आतापर्यंत तीन लावली, त्यातलं एक मारलं, दोन मस्त आहेत, त्यामुळे एवढं टायपायचा हक्क आहे असं समजते.

आता पहिला मुद्दा, पाण्याचा, आणि सगळी गोम इथेच आहे. झाड दुष्काळ सोसतं हे शंभर टक्के खरं. मूळचं ते टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोतलं, चिहुआहुआचं वाळवंट नि रिओ ग्रँड नदीकडची चुनखडीची माळरानं. पानांवर बारीक पांढरी लव असते, ती ऊन परतवते आणि पानातलं पाणी उडू देत नाही, रुपेरी रंग त्या लवेचाच. पण तिथे ते जमिनीत असतं हो! मुळं हवी तिकडे पसरतात, खडकाच्या फटीतनं ओल शोधतात. तुमच्या गॅलरीतल्या दहा इंची कुंडीत ती कुठे जाणार? एप्रिल-मेच्या उन्हात पश्चिमेच्या ग्रिलमध्ये कुंडी तव्यासारखी तापते, तेव्हा मी तीन-चार दिवसांनी पाणी घालतेच, आणि ते सुद्धा भरपूर, खालच्या भोकातनं बाहेर येईपर्यंत. जमिनीत लावलेल्यालाही पहिलं वर्षभर पाणी द्यावं लागतं, मुळं धरली की मग कमी. ‘लावा आणि विसरा’ मधला विसरायचा भाग दुसऱ्या वर्षानंतरचा आहे.

बरं हा झाला उन्हाळा. पण मुंबईत हे झाड तहानेनं मरत नाहीच, मरतं ते पावसात. वाळवंटात वर्षाला अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्याकडे सांताक्रूझला एकट्या जुलैत आठशेच्या वर. गंमत बघा, टेक्सासने या झुडपाला राज्याचं अधिकृत देशी झुडूप केलं ते २००५ साली, आणि त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, म्हणजे त्याच्या माहेरी तीन-चार वर्षांत पडतो तेवढा एका दिवसात. अशा झाडाला इथे आणून आपण एकमेकांना विचारतो काय, तर पाणी कधी घालायचं. विचारायला हवं की पाणी जाणार कुठून.

माझं पहिलं असंच गेलं. प्लॅस्टिकची कुंडी, खाली प्लेट (खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी पडतं म्हणून), आत नर्सरीची लाल माती नि वर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). जुलैत पानं लोंबायला लागली. मला वाटलं तहान लागलीय, मध्ये दोन दिवस उघडीप होती ना, म्हणून मी वरनं अजून एक तांब्या ओतला. चार दिवसांत पानं गळून काड्या. उपटून बघितलं तर मुळं काळी, बोटानं दाबली की साल सुटून येतेय, नि वास असा की कुजका बटाटा बरा. नंतर कळलं ते असं की मुळांनाही हवा लागते, मातीतल्या फटी सतत पाण्यानं भरल्या की मुळं गुदमरतात, बुरशी धरते, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत म्हणून झाड भर पाण्यात उभं राहून तहानल्यासारखं दिसतं. आपण फसतो आणि अजून पाणी घालतो. आता मी पान बघतच नाही, आधी मातीत दोन पेरं बोट घालते. ओली लागली तर हात बांधून बसायचं.

दुसऱ्या खेपेला मातीची कुंडी घेतली, एक भाग लाल माती, एक भाग जाड रेती, एक भाग विटांचे तुकडे नि बारीक खडी, मूठभर जुनं खत, बस. कोकोपीट अजिबात नाही, ते पाणी धरून ठेवतं. कोकणातली लाल माती तशी आम्लाकडे झुकणारी आणि झाड चुनखडीतलं, म्हणून अंड्यांची कवचं कुटून टाकते, फार हळू विरघळतात पण टाकते. जून लागला की प्लेट काढायची, कुंडी दोन विटांवर उचलायची आणि सज्जाखाली सरकवायची, जिथे पाऊस नाही पण उजेड आहे. शेजारच्यांनी हुशारी करून निळी ताडपत्री गुंडाळली होती, गच्चीवरच्या गळतीला बांधतात तसली, आत वाफ कोंडून सगळ्या पानांवर काळे डाग. ताडपत्रीपेक्षा पाऊस परवडला.

तिसरं मढला, समुद्रकिनारी, मावशीच्या अंगणात जमिनीत आहे, आणि तेच सगळ्यात खुशीत. तिने फक्त एक केलं, सपाट जमिनीत खड्डा न करता फूटभर उंच ढीग केला, मुरूम नि माती, आणि त्यावर लावलं. पाऊस पडतो नि वाहून जातो.

तिच्यामुळेच दुसऱ्या मुद्द्याचा अर्धा भाग मला मान्य करावा लागतो. खाऱ्या वाऱ्यानं तिच्या खिडकीचे गज दोन वर्षांत गंजले, झाडाच्या पानाला काही झालं नाही. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरही हे लावतात. पण ‘कुठेही’ नाही, आणि हॉलमध्ये तर मुळीच नाही. रोज सहा तास थेट ऊन पाहिजे. समोर टॉवर उभा राहिलाय आणि सकाळी दीड तास ऊन येतं अशा गॅलरीत लावलं तर झाड उजेडाकडे लांबत जातं, खालून टकलं होतं, आणि पानं हिरवट पडतात.

आणि इथेच शेणखताचा मुद्दा उलटा पडतो. हिरवं पान म्हणजे बहुतेक वेळा ऊन कमी नाहीतर पाणी जास्त. त्याला खताचा डोस दिला की मऊ, लुसलुशीत, अजून हिरवी वाढ येणार, तुम्ही अजून खत घालणार! (‘ग्रीन क्लाउड’ नावाची जात मुळातच हिरवट पानांची असते, घेताना नीट बघा, मग झाडाला दोष देऊ नका.) आणखी एक, समोर बांधकाम चालू असेल तर पानांवर धूळ बसते ती फडक्यानं पुसू नका, लव निघून जाते. पाण्याचा हलका फवारा मारा, सकाळीच, म्हणजे दुपारपर्यंत वाळतं.

पावसाचा अंदाज. याला बॅरोमीटर बुश, म्हणजे हवामान सांगणारं झुडूप, म्हणतात हे खरं आहे, पण कोरड्या मुलखात हवेतला दमटपणा एकदम वाढला, पाऊस झाला, की ते फुलतं, आणि बरेचदा फुलं पावसानंतर येतात, आधी नाही. मुंबईत दमटपणा बारा महिने मानगुटीवर बसलेला, झाडानं कशावरनं ओळखायचं? माझं मे संपता संपता एकदा फुलतं आणि मग गणपतीच्या सुमारास उघडीप मिळाली की परत. छत्री मी हवामान खात्याचं बघूनच घेते. फुलं फोटोसारखी गच्च येत नाहीत त्याचं एक कारण आपले माळीबुवाही असतात, कात्री चालवून चौकोनी डबा करतात, कळ्या पानांच्या बेचक्यातनं येतात त्या सगळ्या छाटल्या जातात. पावसाळ्याआधी हलकी छाटणी पुरते.

चहाचं काय, तर हा सेज नाहीच. खरा सेज साल्व्हिया, पुदिना-तुळशीच्या कुळातला. हे वेगळ्याच कुळातलं, नावात सेज आहे एवढंच. मेक्सिकोत सर्दी-खोकल्याला याचा काढा करतात म्हणे, करू देत, पण आपण नर्सरीतनं आणलेलं झाड, त्यावर काय काय फवारलंय माहीत नाही, त्याचा चहा ‘रोज प्या’ म्हणून ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर टाकायचा म्हणजे कमाल आहे. आलं नि गवती चहा संपलाय का?

नासाचं तर सोडाच. ती यादी ज्यातनं आली तो १९८९ चा अभ्यास घरातल्या झाडांवर, बंद पेट्यांमध्ये केलेला, आणि ल्युकोफायलम त्यात नव्हतंच.

राहता राहिलं ‘एकमेव रुपेरी झाड’. लोकलमधनं जाताना रुळांच्या कडेला बघा, खडीत, कचऱ्यात, कुणी थेंबभर पाणी न घालता कमरेएवढी उभी असते ती रुई. जाड पान, त्यावर पांढुरकी लव, बारा महिने हिरवी, जुलै सोसते नि मे पण सोसते, प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर पोसल्या जातात, आणि शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर तिच्याच पानांच्या माळा असतात. फॉरवर्डमधला पहिला मुद्दा तिच्याबद्दल लिहिला असता तर मी एक शब्द बोलले नसते. मावशीच्या कुंपणाला दोन आहेत, आपोआप आलेल्या. फक्त पान तोडताना चीक येतो तो डोळ्यात जाऊ देऊ नका, विषारी असतो, आणि घरात लहान मूल असेल तर कुंपणाच्या बाहेरच राहू दे.