सबसिडी थोडी कमी द्या, पण नियम टिकू द्या

आमच्या सोसायटीत छतावर सोलर बसवायचा विषय गेली दोन वर्षं सर्वसाधारण सभेत येतो आणि पुढच्या सभेवर ढकलला जातो. पैसे आहेत, गच्ची आहे, ऊन तर काय विचारूच नका. अडतं एकाच प्रश्नावर. खजिनदार काका दरवेळी विचारतात, "आज नेट मीटरिंग आहे. चार वर्षांनी नियम बदलला तर हिशोब कोण देणार?" (नेट मीटरिंग म्हणजे सोलरची जास्तीची वीज वीज कंपनीला द्यायची आणि तेवढी बिलातून वजा करून घ्यायची.) लोक त्यांना खोडा घालणारे म्हणतात. मला त्यांचा प्रश्न रास्त वाटतो.

बघा ना. ऑक्टोबर २०२१ मध्ये सोलर पॅनलवरचा जीएसटी ५ चा १२ टक्के झाला, सप्टेंबर २०२५ मध्ये परत ५ वर आला. मधल्या काळात, एप्रिल २०२२ पासून, आयात पॅनलवर ४० टक्के सीमाशुल्क. सरकारी योजनांमध्ये कुणाचे पॅनल चालतील हे ठरवणारी मंजूर उत्पादकांची यादी लागू केली, मग २०२३-२४ पुरती बाजूला ठेवली, मग एप्रिल २०२४ पासून पुन्हा लागू. देशात कारखाने उभे राहावेत या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण कोटेशन हातात घेऊन बसलेल्या माणसाने थांबायचं की घ्यायचं?

वीजदराचंही तेच. राज्य वीज नियामक आयोगाने २८ मार्च २०२५ ला पाच वर्षांचा आदेश काढला आणि २ एप्रिलला स्वतःच त्याला स्थगिती दिली. जूनच्या अखेरीस सुधारित आदेश आला. पाच वर्षांचं गणित पाच दिवसही टिकलं नाही!

याची किंमत पवन ऊर्जेने आधीच मोजली आहे. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर ज्या पवनचक्क्या दिसतात, त्यांच्यामागे वाऱ्याइतकाच करसवलतीचा जोर होता. पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा दाखवता यायचा, म्हणजे पवनचक्कीच्या किमतीतला एवढा भाग खर्च म्हणून करपात्र उत्पन्नातून वजा करता यायचा. त्यामुळे वीज किती होते यापेक्षा कर किती वाचतो हे बघून पैसे लावणारेही आले, तेव्हा ती सवलत बदलणं मला चूक वाटत नाही. पण २०१२ मध्ये ती एकदम काढली. २०११-१२ मध्ये देशात तीन हजार मेगावॉटहून जास्त पवन क्षमता वाढली होती, पुढच्या वर्षी ती वाढ जवळपास निम्म्यावर आली. २०१४ मध्ये सवलत परत दिली, २०१७ मध्ये ४० टक्क्यांवर आणली. त्याच सुमारास ठरलेल्या दराऐवजी, सर्वांत कमी दर सांगेल त्याची वीज घ्यायची अशी लिलाव पद्धत आली आणि वाढ पुन्हा कोसळली. टर्बाइन बनवणाऱ्याने कामगार ठेवायचे तरी कशाच्या भरवशावर?

जर्मनीने २००० च्या कायद्यात साधी गोष्ट केली. ज्याने आज पॅनल लावलं त्याच्या विजेला २० वर्षं ठरलेला दर. उद्या लावणाऱ्याला थोडा कमी, परवा त्याहून कमी, आणि ही उतरंड कायद्यातच लिहिलेली. पुढे तिथेही बदल झाले, पण आधी लावलेल्यांचा दर शाबूत राहिला.

आपल्याला हे जमत नाही असंही नाही. एलईडी बल्बची 'उजाला' योजना आठवा. २०१४ मध्ये सरकारी खरेदीचा दर बल्बमागे ३१० रुपये होता, २०१६ पर्यंत ३८ वर आला. सरकार मोठ्या प्रमाणावर घेतच राहणार ही खात्री असल्याशिवाय कोणता कारखानदार इतका खाली येईल? एसी-फ्रिजच्या स्टारचंही तसंच. निकष वरचेवर कडक होतात, कालचा पाच स्टार आज चार होतो, पण तारीख आधी कळते, म्हणून कंपन्या तयारीला लागतात.

घराच्या छतावरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये सबसिडी मिळते. त्यातले दहा हजार कमी करा, चालेल. फक्त एवढं लिहून द्या की ज्या दिवशी नेट मीटर बसलं त्या दिवशीचा नियम त्या ग्राहकाला निदान पंधरा वर्षं लागू राहील. बदल करायचेत ते नव्यांसाठी करा, आणि वर्षभर आधी सांगून करा.

दरवाढीचे प्रस्ताव आले की आयोग जाहीर सूचना काढून हरकती मागवतो. त्या कुणीही सामान्य ग्राहक पाठवू शकतो. पुढच्या वेळी सोसायटीतर्फे पाठवायचा मसुदा मी करतेय. कुणाला हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा.