क्यूआर काढून टाकायची काही गरज नाही

नाशिकच्या दुकानदारांच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. क्यूआर काढून टाका, रोखच घ्या, २००० च्या वर १.१ टक्के कापतात, एका कंपनीच्या स्टिकरवर दुसऱ्या अ‍ॅपचे पैसे येत नाहीत, आणि भाजी विकली तरी जीएसटीची नोटीस येते. पुढे ढकलायच्या आधी हे वाचा प्लीज.

१.१ टक्क्याचा आकडा हवेतला नाही, एप्रिल २०२३ पासून आहे, पण तो गिऱ्हाइकाने वॉलेटमध्ये भरून ठेवलेल्या पैशातून २००० च्या वर पेमेंट केलं तरच. बँक खात्यातून थेट आलेल्या यूपीआयवर एमडीआर, म्हणजे पेमेंटमागे दुकानदाराकडून कापलं जाणारं शुल्क, जानेवारी २०२० पासून शून्य आहे.

मग कापलं जातं ते काय? रविवार कारंजावर ओळखीचे एक काका आहेत, चिवडा-फरसाण विकतात, ते पण क्यूआर काढायला निघाले होते. त्यांचं बँकेचं स्टेटमेंट घेऊन बसलो तर दर महिन्याला एकच ठरलेली रक्कम जातेय, दिवाळीत एवढा माल खपला तरी तेवढीच, टक्का असता तर वाढली नसती का? ते पैसे आले की ओरडणाऱ्या त्या साउंडबॉक्सचं भाडं होतं. नको असेल तर डबा परत करा, क्यूआर त्याच्याशिवाय चालतो.

स्टिकरचं तर साफ खोटं. आपल्याच अ‍ॅपला चालणारे क्यूआर नवीन काढायचे नाहीत असं रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२० मध्येच सांगितलं, जुने बदलायला मार्च २०२२ पर्यंत मुदत दिली. पंचवटीत एकेका गाड्यावर चार-चार स्टिकर दिसतात ते कंपन्यांच्या सेल्सवाल्यांमुळे, एक पुरतं.

जीएसटी: ताज्या भाजीवर करच नाही. बाकी मालाला जीएसटी नोंदणीसाठी वर्षाला ४० लाखांच्या विक्रीची मर्यादा आहे आणि त्यात रोख विक्री पण धरतात, त्यामुळे रोख घेऊन सुटका होते हा सल्ला लोकांना अडचणीत आणणारा आहे. २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना नोटिसा आल्या हे खरं, पण म्हणून इथे घाबरवत सुटायचं?

एक काळजी मात्र मलाही आहे, यूपीआयचे बहुतेक व्यवहार दोनच कंपन्यांच्या अ‍ॅपवरून होतात, एका अ‍ॅपवरून ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्यवहार नकोत अशी मर्यादा ठरली तरी तिची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंत ढकललीय. पण आज एखादी कंपनी त्रास देत असेल तर दुसरीचा क्यूआर लावा, खातं तेच राहतं आणि गिऱ्हाइकाला अ‍ॅप बदलावं लागत नाही.