रविवारी आम्ही जायचंच नाही का?

इंग्लंडात शिकायला आलेल्या पोरांनी रविवारी खोलीतच बसायचं का? आठवडाभर लेक्चरं, उरलेल्या वेळात नोकरी. मोकळा एकच दिवस, आणि नेमकं तेव्हाच रेल्वेच्या रुळांचं काम! लीड्सहून लंडनला निघावं तर मध्येच सगळ्यांना उतरवून बसमध्ये कोंबतात. बॅग मांडीवर घेऊन गावोगावचे वळसे घालत बसा. पैसे मात्र गाडीचेच! नाताळच्या दिवशी तर जवळपास सगळ्या गाड्या बंद.

आणि ते तिकिटांचे दर! महिनाभर आधी काढलं तर परवडतं, आयत्या वेळी काढलं तर किराण्याचे पैसे त्यातच जातात. लंडनचं एक तिकीट महाग, पण तेच वाटेतल्या डॉनकास्टर स्टेशनला तोडून दोन काढली की कित्येकदा स्वस्त. गाडी तीच, सीटही तीच! मग हे दर ठरवतं तरी कोण? स्वस्तातलं अ‍ॅडव्हान्स तिकीट असेल तर एक स्टेशन आधी उतरायचीही मुभा नाही. अहो, कमी प्रवास केला तरी गुन्हा? १६ ते २५ वयाच्या पोरांसाठीच्या सवलतीच्या कार्डावर, म्हणजे १६-२५ रेलकार्डावर, एक तृतीयांश सूट मिळते, पण ते कार्ड फोनमध्ये. बॅटरी संपली की तिकीट हातात असूनही भरा पुन्हा पैसे!

आणि गाडीच उशिरा आली तर? तेव्हा भरपाईचा फॉर्म आम्हीच भरायचा, तिकिटाचा फोटो आम्हीच जोडायचा, तोही २८ दिवसांच्या आत. उशीर त्यांनी करायचा आणि कारकुनी आम्ही?