फोनवरचे 6.3 जी आणि आमचं मीटर

नमस्कार, आमच्या विमानातल्या कसरतीच्या उड्डाणाचा तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार बघून वाईट वाटलं, पण मराठीत लिहिलाय म्हणून मीही मराठीतच उत्तर देतो, इथे ॲरिझोनात तेवढा चान्स कुठे मिळतो.

तुमचं म्हणणं असं की लूपमध्ये (विमानाची हवेतली उभी गोल कोलांटी) पॅनलवरचं जी-मीटर, म्हणजे वजनाच्या किती पट भार येतोय ते सांगणारं मीटर, 3.8 दाखवत होतं, तुमच्या फोनचं ॲप 6.3, आणि उतरल्यावर एक काटा 4.6 ला अडकलेला, म्हणजे मीटर बिघडलंय आणि आम्ही विमानाची लिमिट ओलांडून लपवतोय.

आधी काट्याचं, कारण तिथे चूक आमचीच. मीटरला तीन काटे असतात, एक चालू जी दाखवतो, बाकीचे दोन जास्तीत जास्त आणि कमीत कमी जिथे पोचले तिथेच थांबतात, बटण दाबलं की परत 1 वर. ते उड्डाणाआधी दाबायचं असतं, आमच्या इन्स्ट्रक्टरने दाबलंच नाही. 4.6 सकाळच्या स्टुडंटचे, त्याच्या शीटवर तोच आकडा आहे. इन्स्ट्रक्टरला झापलंय.

आता फोन. तो तुम्ही सक्शन माउंटने साइडच्या काचेला चिकटवलेला. आमच्या सुपर डेकॅथलॉन विमानाचं इंजिन धडधडतं, काच थरथरते, आणि ॲप त्यातला सगळ्यात मोठा झटका पकडून ठेवतं, जो सेकंदाच्या शंभराव्या भागाचा असतो, पंखाला त्याचा पत्ताही नसतो. मीटरमध्ये स्प्रिंगला लावलेलं वजन असतं, ते असल्या झटक्यांना भीक घालत नाही (हां, एकदम खेचलं तर तेही थोडं मागेपुढे होतं, मान्य). आणि खरे सहा जी असते तर 80 किलोचा माणूस 480 चा होतो हो, तुमच्याच व्हिडिओत लूपच्या तळाला तुम्ही "भाऽऽरी" ओरडताय, तेव्हा आवाजच फुटला नसता बहुतेक.

तरी शंका नको म्हणून आधी वर जाऊन उंची न सोडता 60 डिग्री बँकने, म्हणजे विमान तेवढं एका बाजूला कलवून, वळून बघितलं, तिथे 2 यायलाच हवेत, 2.1 आले. मग मीटर काढून हातात धरलं, सरळ 1, आडवं 0, उलटं उणे 1. चार-पाच जीला बरोबर दाखवतं का हे असं कळत नाही, त्यासाठी ते इन्स्ट्रुमेंट शॉपला पाठवलंय, तिथे गरागरा फिरवून तपासतात, तोवर दुसरं बसवलंय. या विमानाची लिमिट अधिक 6, उणे 5, ती ओलांडली असती तर मेकॅनिकने तपासेपर्यंत ते हँगरच्या बाहेर आलं नसतं, बुकिंग गेली तर गेली.

हे सगळं तुम्हाला त्याच दिवशी पाच मिनिटात सांगायला हवं होतं, नाही सांगितलं, सॉरी. पुन्हा आलात तर बटण तुम्हीच दाबा.