सत्कार आवरा, गाणं सुरू करा!

मैफलीच्या पत्रिकेवर वेळ सायंकाळी 6. मारवा राग ऐकायला मिळेल म्हणून पाचोऱ्याहून, अमळनेरहून माणसं गाडी पकडून जळगावात येतात. आणि स्टेजवर काय? दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, मग शाल-श्रीफळ. भाऊ झाले की अण्णा, अण्णा झाले की आप्पा! कुणाचं नाव राहिलं तर रुसवा, म्हणून निवेदक चिठ्ठ्या वाचतच राहतो. विंगेत गायिका ताटकळलेली. डिसेंबरच्या गारठ्यात लावलेला तानपुरा बेसूर होतो, ती पुन्हा खुंट्या पिळते, तारांवरचे मणी सरकवते. तेवढ्यात आणखी कुणाचे तरी 'दोन शब्द'. मारव्याची वेळ सूर्यास्ताची, ती केव्हाच टळलेली असते. उघड्यावर 10 ला माईक बंद करावाच लागतो, मग कात्री कशाला? गाण्यालाच. विलंबित ख्याल, म्हणजे रागाची संथ लयीतली मांडणी, जरा रंगतेय तोच आयोजक घड्याळ दाखवतात, "ताई, भैरवी घ्या." म्हणजे मैफल संपवा!

अहो, ज्या जळगावात लहानग्या नारायण राजहंसांनी, म्हणजे आपल्या बालगंधर्वांनी, मेहबूबखाँकडे सुरांचे धडे गिरवले, त्या गावात गाण्यालाच वेळ उरू नये? संताप होतो नुसता. करायचेत ना सत्कार? मध्यंतरात करा, पाच मिनिटांत उरका. सहाला षड्ज, म्हणजे पहिला 'सा', लागलाच पाहिजे!