आराम नव्हे, हालचाल
लेखात अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिससाठी (कणा सुजून हळूहळू ताठर करणारा संधिवात) व्यायाम ‘पूरक’ म्हटलाय, ते मला पटलं नाही. या आजारात तो उपचाराचाच भाग आहे. हे दुखणं पडून राहिल्याने वाढतं, हालचालीने कमी होतं. पहाटे कंबर धरल्याने मला जाग यायची, उठल्यावर तासभर अंग आखडलेलं असायचं, आणि मी मात्र ‘आराम करा’ या सल्ल्यावर दोन वर्षं व्यायाम टाळला. त्याची हळहळ अजून वाटते. एक्स-रे स्वच्छ होता. सॅक्रोइलियाक सांध्यांची, म्हणजे कण्याचा तळ कंबरेच्या हाडांना जोडणाऱ्या सांध्यांची, सूज शेवटी एमआरआयमध्ये दिसली.

आता रोज पाठ ताणण्याचे व्यायाम, थोडा वेळ पालथं पडणं आणि छाती भरून श्वास. श्वासाचं बरेच जण विसरतात, पण बरगड्यांचे सांधेही आखडतात हो! मानेला झटके देऊन ती ‘मोकळी’ करून घेणं मात्र कधीही नको. ताठर झालेला कणा मोडू शकतो.

व्यायाम जमतोय म्हणून औषधं मनाने बंद करू नका. सूज कमी करणाऱ्या गोळ्या पुरेनाशा झाल्या तर बायोलॉजिक इंजेक्शनं (सूज घडवणारी प्रतिकारशक्तीची क्रिया रोखणारी औषधं) आहेत, ती सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी होते. आणि या आजारात डोळ्याच्या आतही सूज येऊ शकते, म्हणून डोळा लाल होऊन दुखला, उजेड सोसेना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.