विंचचा मानपान

एटीव्हीच्या, म्हणजे चिखला-मातीत फिरवायच्या त्या चार जाड चाकांच्या उघड्या गाडीच्या, पुढच्या बंपरखाली जो इलेक्ट्रिक विंच बसवलेला असतो ना, ड्रमवर दोरी गुंडाळत रुतलेली गाडी ओढून काढणारा, तो म्हणजे घरचा जावई. वर्षातनं काम करणार जेमतेम दोनदा, तेही धापा टाकत, आणि बाकीचे दिवस सगळ्यांनी त्याचा मानपान सांभाळायचा. हे मी अधिकाराने सांगतो कारण मी स्वतः जावई आहे, आणि मुळशीच्या माझ्या सासुरवाडीत जो मान आधी मला होता तो विंच आल्यापासनं विंचकडे गेलाय.

झालं असं की मेव्हण्याने ताम्हिणीच्या अलीकडे भातखाचरांच्या कडेला कृषी पर्यटन सुरू केलं, चार तंबू, चुलीवरचं जेवण, शेकोटी वगैरे, पण पुण्याहून येणाऱ्या लोकांना नुसतं पिठलं-भाकरी पुरत नाही, काहीतरी ॲक्टिव्हिटी लागते, म्हणून कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टमधनं त्याने एक सेकंडहँड एटीव्ही उचलून आणली. सासरे, म्हणजे अप्पा, तिच्याभोवती दोन चकरा मारून म्हणाले, "याला पासिंग नाही, हे नांगर ओढत नाही, दूध देत नाही, मग हे करतं काय?" मेव्हणा म्हणाला, "अप्पा, हे मज्जा देतं." अप्पांनी कपाळाला हात लावला. (आधी या गाड्या तीन चाकांच्या होत्या बरं का, होंडाने 1970 साली काढलेल्या, त्या इतक्या उलटायच्या की 1988 पासनं अमेरिकेत त्यांची नवी विक्रीच थांबवली. चार चाकांची सुझुकीने 1982 ला आणली. हे मी अप्पांना दिलासा म्हणून सांगितलं तर ते म्हणाले, म्हणजे ही पण उलटते, फक्त कमी.)

उलटली नाही, रुतली. आमच्याकडचा पाऊस म्हणजे काय ते ताम्हिणीत जुलैमध्ये गेलेल्याला विचारा. चिखलणी केलेल्या खाचरात पाहुणे गाडी घालायचे आणि शेजारच्या काकांची बैलजोडी येऊन ती काढायची. काका पैसे घेत नव्हते पण शेरे मारायचे, आणि ते मेव्हण्याला झेपेना. म्हणून विंच.

तीन हजार पाउंड ओढणारा विंच, म्हणजे हिशेबाने 1360 किलो. हा आकडा मेव्हणा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो. ती ओढ ड्रमवरच्या दोरीच्या पहिल्या थरालाच मिळते, म्हणजे जवळजवळ सगळी दोरी बाहेर असताना, आणि जसजसे थरावर थर चढतात तसतशी ताकद घटत जाते, हे मात्र तो कोणाला सांगत नाही. मीही चारचौघात बोलत नाही, सासुरवाडी आहे.

आता सफाई माझ्याकडे का आली? तर मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल केलंय. पुढे नोकरी लागली पतसंस्थेत, तिथे माझा विजेशी संबंध पासबुकाच्या प्रिंटरपुरता, पण सासरी डिप्लोमा विसरत नाहीत. "दाजी आहेत ना" हे वाक्य कानावर आलं की समजायचं कुठलीतरी वस्तू पडवीत उघडून ठेवलेली आहे. खंडेनवमीला अवजारं, गाड्या, सगळं धुऊन पुजायचं असतं, कोयता, विळे, पॉवर टिलर हे सगळे एकेका बादलीत उरकतात, आणि विंचसाठी अख्खा जावई.

मी पोचलो तेव्हा मेव्हणा गाडी धुवायची प्रेशरची गन घेऊन थेट विंचच्या मोटरवर नेम धरून उभा होता. ओरडलोच मी. त्या फवाऱ्याने पाणी सील ढकलून आत शिरतं, आत बसून गंज चढतो, आणि या छोट्या मोटरीत चुंबकं चिकटवलेली असतात ती गंजाने सुटली की मोटर जाम. वरनं चकाचक आणि आतनं खलास. साधी पाइपची धार, मऊ ब्रश, एवढंच लागतं. "पण दाजी, गनने मजा येते," मेव्हणा म्हणाला. या घरात मजेचं काय एवढं आहे मला कळत नाही.

पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह वायर काढणं. बोटं ड्रमजवळ असताना कुठल्याही पोराने हँडलवरचं बटण दाबू नये म्हणून, आणि त्या घरात सात वर्षांखालची तीन पोरं आहेत आणि तिघांनाही ते बटण पाठ आहे. मग क्लचचा खटका फिरवून ड्रम मोकळा करायचा आणि हाताने दोरी ओढून काढायची. खटका फिरेना. लाल माती चार महिने भिजून, वाळून, परत भिजून अशी बसलेली की मला वाटलं हा मुळातच एका तुकड्यात ओतलेला आहे. गरम पाणी, जुना टूथब्रश, थोडा स्प्रे, परत पाणी, मग पक्कड नको पक्कड नको असं स्वतःला बजावत शेवटी कापडात धरून हलवला तेव्हा कुरकुरत फिरला.

मग दोरी. आधी पोलादी होती, तिच्या तुटलेल्या तारा हातमोज्यातनं सुद्धा बोटात घुसायच्या, म्हणून गेल्या वर्षी सिंथेटिक घातली. ती हलकी, पाण्यावर तरंगते, तुटली तर पोलादीसारखी सूं करून मुंडकं उडवायला येत नाही. पण नखरे! कोमट पाणी आणि सौम्य साबण, ब्लीच अजिबात नको, उन्हात वाळवायची नाही कारण ऊन तिला खातं, आणि चिखलाचे बारीक खडे विणीच्या आत राहिले तर ताण आला की ते आतल्या आत एकेक तंतू कापत बसतात. सासूबाई हे सगळं ऐकून आत गेल्या आणि रिठ्याचं पाणी घेऊन आल्या. "रेशमी साड्यांना चालतं, याला का नाही चालणार?" मला त्यावर काही उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर चाललं. टोपात दोरी, दोन्ही हातांनी विण मागे रेटून उघडायची, फट पडली की आतनं लाल पाणी येतं, खळबळायची, पुढचा हातभर. पंधरा मीटर. मध्ये बायको येऊन म्हणाली, "घरी स्वतःचा रुमाल तरी कधी धुतलास का?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

दोरी पडवीतल्या वलणीवर सावलीत गेली, सासूबाईंच्या पातळांच्या मधोमध, आणि मी वायरिंगकडे वळलो. सीटखाली जो सोलेनॉइड असतो, म्हणजे बटण दाबलं की खट्‌ करून मोटरला करंट सोडणारा डबा, त्याच्या मागे कुंभारमाशीने घर केलेलं. व्यवस्थित, एकाला एक लागून चार खोल्या, गुळगुळीत गिलावा, आणि एक खोली फुटली तर आत भूल दिलेले कोळी दाटीवाटीने भरून ठेवलेले, पिल्लांच्या जेवणाची सोय. मी ते घर हळूच पुठ्ठ्यावर काढून गोठ्याच्या भिंतीला टेकवलं. कामाचा दर्जा बघता मेव्हण्याच्या तंबूंचं कंत्राट तिलाच द्यायला हवं होतं.

त्याखाली टर्मिनल हिरवीगार. हा विंच फुल लोडला दीडशे अँपिअरच्या वर खेचतो, आणि गाडीची बॅटरी स्कूटरच्या बॅटरीची थोरली बहीण, त्यामुळे वायरीच्या टोकाला जरा जरी कीट असलं तरी तिथे नुसती उष्णता, ओढ शून्य. बॅटरीच्या बाजूची पांढरी बुरशी खाण्याचा सोडा आणि पाण्याने फसफसवून काढली, तांब्याचा हिरवेपणा तारेच्या ब्रशने, कोरडं केलं, नट आवळले, वरनं पेट्रोलियम जेली. सोड्याचा डबा सासूबाईंचा होता. संध्याकाळची भजी त्या दिवशी सोड्याशिवाय झाली आणि ती का, हे पाहुण्यांना सविस्तर सांगण्यात आलं.

मेव्हण्याला आता गिअरबॉक्स उघडायचा होता. त्याने मोबाइलवर बघितलेलं. मी म्हटलं, आवाज बदललाय का? नाही. तेल गळतंय का? नाही. मग आत ज्या बारक्या ग्रहमालेसारख्या चकत्या तीन थरांत बसवल्यात आणि कंपनीने ग्रीस भरून बंद केल्यात त्यांना सुखाने राहू दे ना बाबा. त्यापेक्षा महिन्यातनं एकदा चार-पाच मीटर दोरी बाहेर काढून आत घे, मोटर फिरती राहील, आतला दमटपणा जाईल. त्याने मान डोलावली. तो असाच मान डोलावतो आणि विंच असाच चार महिने पडून राहतो.

शेवटचं काम दोरी परत गुंडाळायची, आणि ती ताणाखालीच गुंडाळावी लागते, नाहीतर पुढच्या वेळी जोर आला की वरची दोरी खालच्या सैल थरात घुसते आणि मग देव आठवतो. आंब्याच्या बुंध्याला रुंद पट्टा, (सालीत दोरी रुतू नये म्हणून, झाड अप्पांच्या वडिलांनी लावलेलं आहे), त्याला हुक, गाडी चढावर न्यूट्रलला आणि इंजिन चालू, अप्पा वर बसून ब्रेकवर हलका पाय. ड्रमवर दहाएक वेढे कायम ठेवायचे, ते कधीच सोडायचे नाहीत, सगळी पकड त्यांचीच. मी हातमोजे घालून बाजूला उभा राहून बटण दाबत होतो आणि गाडी अप्पांसकट इंच इंच आंब्याकडे निघाली. अप्पा पहिल्यांदाच त्या गाडीवर बसले होते. उतरायला तयार नव्हते. हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला.

नारळाचं पाणी जमिनीवर पोचतं न पोचतं तोच फाटकापाशी हॉर्न. दसऱ्याला आलेल्या पाहुण्यांची भलीमोठी एसयूव्ही वळण चुकून चरात, दोन चाकं हवेत. मेव्हण्याचा चेहरा उजळला. हारासकट एटीव्ही नेली, हुक लावला, बटण दाबलं, आणि भौतिकशास्त्राप्रमाणे जे व्हायचं तेच झालं, पावणेदोन टनांची एसयूव्ही जागेवर आणि आमची साडेतीनशे किलोची एटीव्ही ओल्या गवतावरनं सर्रकन तिच्याकडे. पाहुण्यांची पोरं टाळ्या वाजवायला लागली, त्यांना वाटलं ही ॲक्टिव्हिटी आहे. मग एटीव्ही मागनं साखळीने सागाला बांधली, एसयूव्हीला कप्पी लावून दोरी दुहेरी करून परत आणली, की ओढ दुप्पट आणि वेग निम्मा, दोरीवर जुनी गोधडी टाकली, सगळ्यांना लांब केलं, एसयूव्हीवाल्याला हळूच गिअर टाकायला लावला, थोडं ओढायचं, थांबायचं, मोटरला हात लावून बघायचं, परत थोडं. शेजारचे काका बैल न आणता नुसतेच येऊन उभे होते, हाताची घडी घालून. निघाली गाडी. काका म्हणाले, "बैलांनी एवढ्यात दोनदा काढली असती," आणि गेले.

दोरी मात्र चरातल्या चिखलातनं गेली होती, पूर्ण. मी आंबलेलं अंग घेऊन घरी आलो तर मागच्या दारी बंब पेटलेला, सासूबाई म्हणाल्या, "पाणी तापलंय बरं का." मला भरूनच आलं, म्हटलं शेवटी जावयाची आठवण झाली, टॉवेल खांद्यावर टाकून निघालो.

"अहो, तुमचं नंतर," त्या म्हणाल्या, "आधी दोरीचं उरका, कोमटच लागतं ना तिला?"